निराधारची फाइल हातात घेताना

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नव्या सजेवर (तलाठ्याच्या हाताखालच्या गावांवर) रुजू झालास आणि लगेच निराधार अनुदानाचे चौकशी अर्ज टेबलावर आले म्हणतोस. (पाटीवर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असलं तरी गाव तुला तलाठीच म्हणणार.) ‘नियमात बसेल ते लिहीन, बाकी माझ्या हातात काय आहे?’ असं तू लिहिलंयस. तेवढ्यावरच बोलतो, कारण हातात बरंच काही आहे.

आधी हिशेब कर. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२. म्हणजे ६७ दिवस माती उपसली की २०,९०४ होतात आणि अडुसष्टाव्या दिवशी ती बाई बाहेर. (लाडक्या बहिणीला तेच १,५०० रुपये अडीच लाखांच्या मर्यादेत!) म्हणून ‘मजुरी करते’ एवढ्यावर शंभर दिवस धरून गुणाकार करू नकोस. जॉबकार्ड माग. प्रत्यक्ष किती दिवस भरले, शेतमजुरी कोणत्या महिन्यात मिळाली, आजारपणात किती खाडे झाले, हे जबाबात घे. उत्पन्नाचा आकडा तुझ्या अंदाजाचाच असतो. तो कशावरून आला ते कागदावर दिसलं पाहिजे. सगळ्यांना सरसकट २०,००० लिहिलंस, तर तपासणीत खरी निराधार बाई आणि सरपंचाची चुलती एकाच मापाने कापल्या जातात.

सर्वांत जास्त गफलत जमिनीत होते. सातबाऱ्यावर नाव दिसलं की अर्ज बाजूला पडतो. पण नवरा जाऊन चार वर्षं झाली, वारसनोंद सामाईक झाली आणि जमीन कसतोय दीर, असं घराघरांत आहे. तिच्या ताटात त्यातलं पायलीभर धान्यही येत नाही. तेव्हा पंचनाम्यात ‘नाव सामाईक, वहिवाट दिराची, अर्जदारास उत्पन्न नाही’ असं स्पष्ट लिही आणि पंच भावकीतले घेऊ नकोस. उलटही असतं. रेशनकार्ड विभक्त, पण चूल एकच. घरात शिरल्यावर भांडी कुठे घासतात ते बघ, लगेच कळतं.

टाकून दिलेल्या बाईकडे कोर्टाचा कागद नसतो. ‘आदेश आणा’ म्हटलं की तिचा अर्ज तिथेच संपला. माहेरी कधीपासून आहे, पोटगी येते का, मुलं कुणाकडे, हे शेजाऱ्यांच्या जबाबात आलं तर पुढे तहसीलदारांना आणि अर्ज मंजूर करणाऱ्या समितीला निर्णय घ्यायला काहीतरी आधार राहतो.

वयाचं तर विचारूच नकोस. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर १ जानेवारी; एक गुरुजींचा अंदाज, दुसरा ऑपरेटरचा. विधवा किंवा अपंग नसलेल्या गरीब म्हाताऱ्याला श्रावणबाळ या वृद्धांच्या योजनेसाठी ६५ पूर्ण लागतात, तिथे दोन वर्षांचा फरक म्हणजे ३६,००० रुपये. कोणता पुरावा धरला आणि का, हे एका ओळीत नोंदव.

आणि त्रुटी. नकार द्यायला कारण लागतं; त्रुटी काढायला काहीच लागत नाही, म्हणून खरी मनमानी तिथे चालते. आज रहिवासी दाखला, पुढच्या खेपेला मृत्यूदाखला, मग बँकेला आधार जोडलेलं नाही. प्रत्येक खेप म्हणजे एसटीचं भाडं आणि एक बुडालेला रोज. सगळ्या त्रुटी एकदाच, एका कागदावर, तारीख घालून दे आणि पोच घे. समितीची बैठक चुकली तर अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत पडून राहतो.

हयातीच्या दाखल्याच्या वेळी अंगठे उमटत नाहीत, हे ध्यानात ठेव. झिजलेल्या बोटांचा माणूस मशीनला सापडत नाही आणि अनुदान थांबतं. ‘गैरहजर’ असा शेरा मारण्याआधी घरी जाऊन ये. कोतवालाला बरोबर ने, त्याला दारं माहीत असतात.

पंचनाम्याचा कच्चा नमुना सोबत पाठवतोय. तुझ्या गावाप्रमाणे बदलून घे. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती