बौद्धिक संपदा म्हणता, पण कायदा कोणता ते सांगा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आजकाल कोणत्याही शेतकरी मेळाव्यात जा, स्टेजवरचा पाहुणा एकदा तरी ‘बौद्धिक संपदा’ (म्हणजे डोक्यातून निघालेल्या गोष्टीवरचा कायद्यातला हक्क) म्हणतेच. बियाणं बौद्धिक संपदा, नागपुरी संत्रा बौद्धिक संपदा, आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक पण तेच. लोकं माना हलवतात अन् कास्तकार घरी येतो तो एवढंच घेऊन, की आता घरचं बियाणं ठेवलं तर केस होते.

आमच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांचं नाव तर हमखास निघते. त्यांनी पटेल-३ धानाच्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरल्या, तेव्हा एचएमटी घड्याळाची क्रेझ होती म्हणून धानाचं नावच पडलं एचएमटी. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं १९९८ मध्ये त्याच एचएमटीवरून पीकेव्ही-एचएमटी नावाचं वाण आणलं, त्यातून दादाजींच्या हाती काही पडलं नाही अन् २०१८ मध्ये ते गेले. भाषणात म्हणतात त्यांची बौद्धिक संपदा चोरली. अन्याय झालाच, त्यात वादच नाही, पण कोणती संपदा? पेटंट म्हणाल तर आपल्या पेटंट कायद्यात झाड, बियाणं, वाण यांना पेटंट भेटतच नाही (कापसात बोंडअळीसाठी टाकलेल्या बीटी जीनचं भांडण वेगळं, ते सुप्रीम कोर्टात गेलं होतं). अन् वाणाची नोंदणी करणारा कायदा, म्हणजे पीक वाण संरक्षण अन् शेतकरी हक्क कायदा, झाला २००१ मध्ये, म्हणजे विद्यापीठाचं वाण आल्यावर तीन वर्षांनी. दादाजींनी नोंद करायची ठरवली असती तरी कुठं करणार होते? सरकारनं कायदाच उशिरा केला, हे कोणी बोलत नाही, ‘चोरी’ म्हटलं की टाळ्या पडतात.

आता हा २००१ चा कायदा तर उलट आपल्याच बाजूनं आहे. त्याच्या कलम ३९ मध्ये साफ लिहून आहे की शेतकरी आपल्या शेतातलं बियाणं ठेवू शकते, पेरू शकते, शेजाऱ्याला देऊ शकते, विकू पण शकते, नोंदणी झालेल्या वाणाचं असलं तरी. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. शेतकऱ्याला स्वतःचं वाण पण नोंदवता येते. धानाच्या वाणाची नोंद केली की त्यावरचा हक्क १५ वर्षं. घड्याळाच्या नावाचा ट्रेडमार्क दर १० वर्षांनी रिन्यू करत राहा, संपतच नाही. झाडीपट्टीतल्या वडसाच्या नाटकवाल्याचा कॉपीराइट लिहिलं की आपोआप, मेल्यावर आणखी ६० वर्षं, नोंदणीची गरज नाही. अन् संत्र्याचं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन तर कोण्या एकाचं नाहीच, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं. एवढ्या वेगवेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरून वरून एकच चिठ्ठी लावायची म्हणजे ज्याला भीती दाखवायची त्याचंच काम सोपं होते, दुसरं काय.

म्हणून विनंती आहे की खरिपाच्या आधी तुमच्या शेती पानावर ते कलम ३९ सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात छापा, म्हणजे कापून कृषी केंद्राच्या काउंटरवर ठेवता येईल.

– एक धान उत्पादक, ता. नागभीड, जि. चंद्रपूर