शालेय क्रिकेटमधील चेस्ट गार्डबाबत क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बहुतेक मुले सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) मैदानात टेनिस बॉलवर तयार होतात आणि शालेय स्पर्धेचा संघ निवडला गेला की एकदम सीझन बॉलसमोर, म्हणजे कठीण चामडी चेंडूसमोर, उभी राहतात. शाळेच्या सामायिक किटमध्ये पॅड, ग्लोव्हज आणि हेल्मेट सापडते. चेस्ट गार्ड मात्र क्वचितच. त्यातच जांभ्याच्या जमिनीवर चेंडूच्या उसळीचा भरवसा नसतो.

छातीवरचा मार म्हणजे फार तर बरगडी दुखावणे, असा समज आहे. प्रत्यक्षात हृदयाच्या नेमक्या वर, ठोक्याच्या एका विशिष्ट क्षणी आघात झाल्यास निरोगी हृदयाची लयही बिघडून रक्ताभिसरण थांबू शकते. तो क्षण सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढाच असतो. प्राण्यांवरील प्रयोगांत ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाचा बेसबॉलही यासाठी पुरेसा ठरला, आणि एवढा वेग तर शाळकरी गोलंदाजही सहज गाठतो. कोवळ्या वयात छातीचा पिंजरा लवचिक असल्याने आघात आतवर पोहोचतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाची डावी बाजूच गोलंदाजाकडे असते, हेही लक्षात घ्यावे.

तथापि, नुसते गार्ड सक्तीचे करून भागणार नाही. अमेरिकेत छातीवर गार्ड असलेले खेळाडूही अशा आघाताने दगावले, म्हणून तिथे बेसबॉल व लॅक्रोस (जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ) यांच्या गार्डसाठी या धोक्याची स्वतंत्र चाचणी ठरवण्यात आली. आपल्या दुकानांतील साधे फोमचे गार्ड मुख्यतः बरगड्यांसाठी असते. त्यामुळे सर्वांत कमी दराच्या निविदेवर खरेदी झाली, तर कागदोपत्री सुरक्षा तेवढी पूर्ण होईल.

माझी विनंती अशी की, १४ आणि १७ वर्षांखालील सीझन बॉलच्या सामन्यांत फलंदाज, यष्टिरक्षक आणि जवळच्या क्षेत्ररक्षकांना चाचणी झालेले गार्ड शासनाने पुरवावे. पैसे अपुरे असतील, तर आधी तालुका स्पर्धेच्या प्रत्येक मैदानावर हृदयाला विद्युतझटका देणारे एईडी यंत्र ठेवावे आणि क्रीडाशिक्षकांना सीपीआरचे, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे, प्रशिक्षण द्यावे. झटका मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांनी घटते, आणि वळणावळणाच्या रस्त्याने सड्यावर येणारी १०८ रुग्णवाहिका तेवढ्या वेळात पोहोचणे कठीण आहे.

आपला नम्र,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक क्रीडाशिक्षक