मंत्रिमहोदय, माझा मुलगा सैन्यात होता की नव्हता?

मा. माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय, सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात घरपट्टी माफीचा अर्ज घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. माजी सैनिकांना ही माफी देण्याचा निर्णय आपल्याच राज्याने 2020 साली घेतला. घर मुलाच्या नावावर आहे. खिडकीमागच्या माणसाने कागद चाळले आणि विचारलं, "पण काका, तुमचा मुलगा सैन्यात होता कुठे?" त्याचा दोष नाही, त्याच्यापुढे नियम होता. म्हणून तोच प्रश्न मी आपल्याला विचारतो, आणि चारचौघांत विचारतो.

आम्ही नाशिकरोडचे. मुलगा कॉलेजच्या फुटबॉल संघात स्टॉपर होता, म्हणजे गोलच्या पुढे उभा राहून बचाव करणारा. पुणे विद्यापीठाच्या आंतरविभागीय सामन्यांत नाशिककडून खेळला. देवळालीच्या तोफांचा आवाज ऐकतच इथली पोरं मोठी होतात. पहाटे मैदानावर लष्करातले जवान धावायला यायचे, त्यांच्याबरोबर याचे सामने रंगायचे, आणि तिथेच याच्या मनाने घेतलं की अधिकारी व्हायचं. सीडीएसची, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या भरतीची लेखी परीक्षा पास झाला, मग एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्यांचे पाच दिवस. तिथे दोर, फळ्या आणि ओझं देऊन सगळ्या गटाला अडथळे पार करायला लावतात. कोणी कुठे उभं राहायचं हे याला पटकन दिसायचं. "मागे खेळणाऱ्याला सगळं मैदान दिसतं, बाबा," असं म्हणायचा.

निवड झाली तेव्हा गल्लीत फ्लेक्स लागले, ढोल वाजले. एक मंत्री आले होते. नाव लिहीत नाही, त्यांचं त्यांना आठवेल. माइकवर म्हणाले, "हा आता महाराष्ट्राचा मुलगा. याच्या घरच्यांची काळजी सरकारची." आम्ही टाळ्या वाजवल्या.

अधिकारी घडवणाऱ्या लष्करी प्रबोधिनीतल्या शेवटच्या सत्रात, अडथळ्यांच्या सरावात तो दोरावरून पडला. मणका गेला. खांद्यावर स्टार लागायला काही आठवडे उरले होते. मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवलं आणि तो घरी आला.

नियम सांगतो, कारण तो लोकांना माहीत नाही. प्रबोधिनीत शिकणारा तो छात्र. कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक मिळेपर्यंत त्याला अधिकारी मानत नाहीत. त्याला महिन्याला 56,100 रुपये मिळतात, पण ते विद्यावेतन, पगार नव्हे. मग त्याला अपंगत्वाची पेन्शन नाही, फक्त सानुग्रह अनुदान, आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. भरती झालेला जवान प्रशिक्षणात असाच जायबंदी झाला तर त्याला पेन्शनही मिळते आणि दर्जाही. मिळायलाच हवा, त्या पोराचा हक्क आहे तो. मग माझ्या पोराने काय घोडं मारलं? दोर तोच, जमीन तीच, हुकूम देणारा उस्तादही तोच.

आता घरातलं सांगतो. कमरेखाली त्याला काही कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. रात्रीचे दोन आणि चारचे गजर त्याची आई लावते. लघवीची पिशवी, कॅथेटर, पाण्याची गादी, फिजिओथेरपिस्टची फी, दिवसा सांभाळणाऱ्या मुलाचा पगार. ज्या पोटऱ्यांवर फुटबॉलचे मोजे चढायचे नाहीत, त्या आता माझ्या मनगटाएवढ्या झाल्या आहेत. रोज मीच त्यांना तेल लावतो.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या मुलांची दखल घेतली. 1985 पासून अशी सुमारे 500 मुलं घरी पाठवली गेल्याचं तेव्हा छापून आलं. महिन्याची मदत जास्तीत जास्त 40 हजारांच्या आसपास, तीही अपंगत्वाच्या टक्केवारीप्रमाणे. न्यायालयाने विचारल्यावर केंद्राने ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून उपचार द्यायचं ठरवलं. त्याबद्दल आभार. पण त्या योजनेच्या दवाखान्यातून औषध मिळतं, रात्री दोन वाजता कूस बदलणारा माणूस मिळत नाही. आणि चाळीस वर्षं या देशात एकाही मंत्र्याला, एकाही सचिवाला हे दिसलं नाही? 500 घरांची मतं ती किती, म्हणूनच ना?

हे केंद्राचं काम, असं आपण म्हणाल. अर्धंच खरं आहे. सैन्यात अधिकारी होण्याची तयारी करून घेणारी संस्था छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी 1977 पासून चालवता, नाशिकला मुलींसाठी काढलीत, आमच्या नाशिकरोडला एसएसबीची तयारी फुकट करून घेता. चांगलं करता. पण पोरांना त्या दारापर्यंत पोचवणारं राज्य, त्यातलं एखादं पोर मोडून परत आलं की तोंड का फिरवतं? निवडीच्या यादीत नाव आलं की आपल्याला फोटो हवा असतो, आणि बोर्डाचा कागद आला की फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. खेळाडूचंही तेच. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण मणका मोडलेल्या खेळाडूचा रकाना कुठल्या फॉर्मवर आहे? तुमच्या लोकांना सत्कार करता येतो. त्यानंतरची वीस-तीस वर्षं घरच्यांनी काढायची. मी सत्तरीकडे निघालो आहे. आमच्यामागे याला कोण उचलणार, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

शासन निर्णय काढा. प्रशिक्षणात कायमचे अपंग झालेल्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक छात्राला राज्याच्या सवलतींपुरतं माजी सैनिक माना: घरपट्टी, राखीव जागा, सगळं. सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च राज्याने द्यावा. आणि पेन्शन व दर्जा मिळावा असा ठराव मंत्रिमंडळात करून दिल्लीला पाठवा. यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

उत्तर लेखी हवं आहे, जावक क्रमांकासह. घरी भेटायला आलात तर हार आणि फोटोग्राफर आणू नका. रात्री दोनला या.

आपला,
एका छात्राचा बाप
नाशिकरोड