तिसरी पिन कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव तोंडावर आला की इंदुरातल्या मराठी मंडळांत वाद्यवृंदांच्या तालमी सुरू होतात. हल्ली त्यांत बास गिटार असतेच, आणि पुष्कळदा तिच्यामागचा अ‍ॅम्प्लिफायर, प्रीअ‍ॅम्प किंवा पेडल घरी जोडलेले असते. तयार बास अ‍ॅम्प परवडत नाही, महाराणी रोडवर सुटे भाग मिळतात, हातात सोल्डरिंग आयर्न असते. या हौसेबद्दल आमची तक्रार नाही, आम्हीही त्याच पंथातले. तक्रार आहे ती एका सवयीबद्दल. स्पीकरमधून घरघर यायला लागली की पिन टॉपची (प्लगची) वरची जाड पिन, म्हणजे अर्थची (जमिनीशी जोडणारी) पिन, काढायची, किंवा थ्री-पिनला टू-पिनचा अडॅप्टर लावायचा. घरघर खरोखर थांबते, म्हणूनच ही सवय पसरली.

घरघर का थांबते, ते आधी पाहू. बासचा अ‍ॅम्प स्टेजवरच्या सॉकेटमधून अर्थ घेतो आणि मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डातून. दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. दोघांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीतून मग करंट वाहतो आणि तो सिग्नलमध्ये मिसळतो. एका बाजूचा अर्थ तोडला की हे वर्तुळ तुटते. पण त्यानंतर अ‍ॅम्पच्या धातूच्या पेटीला अर्थ मिळतो तो फक्त केबलच्या त्या नाजूक जाळीतून. केबल निघाली की तोही नाही. अशा वेळी ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले किंवा आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर पेटी जिवंत होते. बासच्या तारा टेकतात त्या ब्रिजखाली ग्राउंडची वायर असते, म्हणजे तारा त्याच पेटीला जोडलेल्या आहेत. वादकाची बोटे तारांवर आणि ओठ मिक्सरमार्फत नीट अर्थ मिळालेल्या माइकवर! स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सीच्या मंचावर माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. दोष अर्थिंगचाच होता.

‘एमसीबी आहे की’ हे उत्तर हमखास मिळते. ६ अँपियरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की वीज तोडणारा स्विच, वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या जिवावर बेतायला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका करंटही पुरतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही.

आता घरघर. ती इक्वलायझरने कापता येईल असे वाटते, पण बासच्या बाबतीत नशीब आडवे येते. आपली वीज ५० हर्ट्झची. बासच्या सर्वांत जाड ई तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी सूर ४९ हर्ट्झचा, आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झची. म्हणजे ट्रान्सफॉर्मरची ५० ची गुणगुण आणि रेक्टिफायरची १०० ची भणभण, दोन्ही अगदी जी सुराच्या शेजारी येऊन बसतात. त्या कापल्या तर जी सूरच जातो. मात्र याचा एक फायदा आहे. फोनमधल्या ट्यूनर अ‍ॅपला घरघर ऐकवा. तो जी दाखवेल, सुमारे ३५ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यांतले ३५) चढा. सप्तक खालचे असेल तर ५०, वरचे असेल तर १००. १०० ची कर्कश भणभण असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कंडेन्सर उतरले आहेत, किंवा त्यांचा चार्जिंग करंट सिग्नलच्याच ग्राउंड वायरमधून जातो आहे. ५० ची मऊ गुणगुण असेल तर अर्थचे वर्तुळ किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र. पहिल्या दोषाशी त्या बिचाऱ्या पिनचा काहीही संबंध नाही.

पुढची तपासणी बासवरच करावी. बासचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर तशीच राहिली तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा पुढे आहे. गेली तर पिकअप (तारांची कंपने पकडणारी कॉइल), आतली वायरिंग किंवा त्याआधीचे काही. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर शिल्डिंग अपुरे आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर ब्रिजची ग्राउंड वायर तुटली आहे किंवा जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत. वादक जागच्या जागी वळल्यावर आवाज बदलत असेल तर सिंगल-कॉइल पिकअप ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडते आहे. तांब्याची पट्टी कितीही चिकटवा, ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तिने अडत नाही. अ‍ॅम्पपासून दोन पावले दूर उभे राहणे हा त्यावरचा फुकट उपाय. दोन पिकअपच्या जॅझ बासमध्ये दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले तर ही गुणगुण बरीचशी एकमेकांत विरते, कारण दोन्ही कॉइल उलटसुलट गुंडाळलेल्या असतात.

घरघर डोक्यावर बसण्याचे मूळ मात्र बहुतेकदा वेगळेच असते. पॅसिव्ह (आत बॅटरीचे सर्किट नसलेली) बास सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली की १० ते २० के ओहमचा भार पिकअपला झेपत नाही. आवाज मंद आणि बोथट होतो, मग गेन वाढवला जातो, त्याबरोबर घरघर वाढते आणि शेवटी पक्कड पिनकडे जाते. गिटारसाठीची पेडल सर्किटे जशीच्या तशी बासला लावली तरी हेच. ट्यूब स्क्रीमर या गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलच्या घराण्याच्या सर्किटमध्ये ४.७ के च्या रजिस्टन्ससोबत ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो, म्हणजे ७२० हर्ट्झच्या खाली वाढ घटत जाते. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची! तिथे १ मायक्रोफॅरड लावले तर ही हद्द ३४ हर्ट्झवर येते, पण मग जाड तारेचाच आवाज आधी फाटतो आणि चिखल होतो. आमच्या मते ०.२२ लावून शेजारून मूळ साफ सिग्नल मिसळावा.

म्हणून सर्वांत आधी बांधायची वस्तू शंभर वॅटचा अ‍ॅम्प नव्हे. बफर (पिकअपवर भार न टाकणारा टप्पा) आणि ट्रान्सफॉर्मर असलेली एक डीआय पेटी, म्हणजे बास आणि मिक्सर यांच्यामधली जोडपेटी, बांधा. आयसी टीएल०७२, ९ व्होल्टची बॅटरी. १० के च्या दोन रजिस्टन्सनी बॅटरीचे दोन भाग करून ४.५ व्होल्ट काढा आणि त्या बिंदूवर ४७ मायक्रोफॅरड ग्राउंडला. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर, तेथून ३ नंबरच्या पिनला, आणि त्याच पिनवरून १ मेगचा रजिस्टन्स ४.५ व्होल्टला. १ आणि २ या पिना जोडा, की झाला बफर. वीज ८ ला, ग्राउंड ४ ला. दुसरा अर्धा भाग मोकळा सोडू नका: ६ आणि ७ जोडून ५ नंबर ४.५ व्होल्टला द्या, नाहीतर तो आतल्या आत शिट्टी मारत बसतो आणि बॅटरी खातो. इनपुट जॅक स्टिरिओ घ्या आणि बॅटरीचा ऋण टोक रिंगला जोडा. मोनो जॅक आत गेला की पेटी चालू, काढला की बंद. आयसी ३ मिलिअँपियरच्या आतबाहेर खातो, त्यामुळे चांगली अल्कलाइन बॅटरी दीडशे तासांच्या आसपास चालावी. शिवाय बॅटरीमुळे अडॅप्टरची कटकटच नाही.

आउटपुटला १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड, मग ६०० ओहमचा १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. इथे १ मायक्रोफॅरड लावणारे पुष्कळ भेटतात. मिक्सरच्या माइक इनपुटचा भार दीड-दोन के चा असतो, त्यावर १ मायक्रोफॅरडने शंभर हर्ट्झच्या आसपासपासूनच खर्ज गळायला लागतो. ट्रान्सफॉर्मर अगदी चिमुकला घेऊ नका. तेवढ्याच व्होल्टेजला ३१ हर्ट्झच्या बी तारेवर गाभ्यातला फ्लक्स ३१० हर्ट्झच्या दहापट होतो, गाभा भरतो आणि खालचे सूर खरखरतात. पाच तारांची बास असेल तर आधी सिग्नल निम्मा करून मगच ट्रान्सफॉर्मरला द्यावा.

एक्सएलआरवर (माइकच्या केबलचा तीन पिनांचा जोड) २ आणि ३ या पिनांना ट्रान्सफॉर्मरची दोन टोके, १ ला धातूची पेटी. पिन १ आणि इनपुटचा ग्राउंड यांच्यामध्ये एक स्विच, तोच ग्राउंड लिफ्ट, म्हणजे अर्थचे वर्तुळ तोडणारा. आता नेमकी चूक होते ती अशी: इनपुट जॅक आणि अ‍ॅम्पकडे जाणारा थ्रू जॅक, दोन्ही धातूचे घेतले जातात. जॅकची मान पेटीला टेकते, स्विच कसाही फिरवा, वर्तुळ जोडलेलेच. मग ‘लिफ्ट काम करत नाही’ म्हणत पुन्हा पिनवर गदा. प्लॅस्टिकच्या मानेचे जॅक घ्या. ही पेटी असली की अ‍ॅम्पचा अर्थ जागेवर राहतो, मिक्सरचा जागेवर राहतो, आणि सिग्नल तेवढा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो. मिक्सरवर फँटमचे, म्हणजे माइकला केबलमधून वीज देणारे, ४८ व्होल्ट चालू राहिले तरी बिघडत नाही. पिन २ आणि ३ वर ते सारखेच येतात, त्यामुळे वेटोळ्यातून करंट जात नाही.

ज्यांना अ‍ॅम्प बांधायचाच आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. एलएम३८८६ या अ‍ॅम्पच्या आयसीला ४ ओहमच्या स्पीकरसाठी १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर पुरे. त्यातून साधारण ±२४ व्होल्ट मिळतात आणि ५० वॅटच्या आसपास आवाज निघतो. २४-०-२४ लावला तर ±३३ होतात, ४ ओहमवर आयसी तापतो आणि स्वतःचे संरक्षण चालू करून फटफटायला लागतो. अर्थची हिरवी वायर पेटीला स्वतंत्र बोल्टने लावा, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली नको. रंग खरवडा, रिंग लग आणि दातेरी वॉशर घाला. ही वायर फेज आणि न्यूट्रलपेक्षा थोडी जास्त लांबीची ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तर ती सर्वांत शेवटी सुटेल. फ्यूज फेजवर, १५० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला १ अँपियरचा स्लो-ब्लो. पेटी आणि आतला ऑडिओ ग्राउंड यांच्यामध्ये १० ओहमचा रजिस्टन्स आणि त्याला समांतर ३५ अँपियरचा ब्रिज रेक्टिफायर उलटसुलट डायोड म्हणून लावण्याची रीत चांगली आहे, पण तिथे १एन४००७ हा लहान डायोड लावू नये. दोषाच्या वेळी फ्यूज उडण्याआधी तोच उडेल. पेटी मात्र कायम थेट अर्थला.

राहिला मांडव. जनरेटर, खांबावरून ओढलेली तात्पुरती लाइन, पट्टी गुंडाळलेला एक्स्टेंशन बोर्ड, यांपैकी काही ना काही असतेच. मंडळाच्या इलेक्ट्रिशियनकडून स्टेजच्या सॉकेटवर तीन मापे घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. तिसरे माप वीस-तीस व्होल्ट आले तर अर्थ सैल आहे किंवा नाहीच. मीटर नाजूक अर्थवरही २३० दाखवतो, म्हणून इलेक्ट्रिशियनने फेज-अर्थमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब लावून पाहावा. पूर्ण उजेड पडला तरच अर्थ खरा. आरसीसीबी (करंट अर्थकडे गळताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो ट्रिप होईल, आणि तीही शुभवार्ताच.

स्टेजच्या बोर्डला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी मंडळाने स्वतःच्या खर्चाने बसवावा. झुंबराच्या आणि डीजेच्या बिलात ही रक्कम दिसणारही नाही. साऊंड चेकला वादकाने बास हातात घेण्याआधी ती स्टँडवर ठेवून, जोडणी चालू करून, मीटरचे एक टोक ब्रिजवर आणि दुसरे माइकच्या जाळीवर ठेवावे. एक-दोन व्होल्टपर्यंत ठीक. शंभराच्या आसपास दिसले तर मीटरच्या टोकांमध्ये १०० के, १ वॅटचा रजिस्टन्स लावून पुन्हा मोजा. आकडा एकदम खाली कोसळला तर तो पेडलला वीज देणाऱ्या टू-पिन अडॅप्टरचा गळता करंट आहे, झिणझिण्या आणतो, अडॅप्टर बदला. आकडा तसाच राहिला किंवा २३० कडे गेला तर काही हलवू नका, हात लावू नका, मेन बोर्डवरून वीज बंद करा. मग अ‍ॅम्पची पेटी उघडून फेजची वायर कुठे टेकली आहे ते शोधा.

आपल्या गणेशोत्सव पुरवणीत सजावटीच्या शेजारी सॉकेटची ही तीन मापे एका चौकटीत छापता आली तर पाहावे.

आपले,
घरी बास गिटारची उपकरणे जोडणारे काही वादक,
इंदूर