पुन्हा तुकडा का मागतात

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमच्या मित्राच्या नातवाची बायोप्सी, म्हणजे आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून करायची तपासणी, दुसऱ्यांदा करावी लागणार, हे ऐकून बाबांनी विचारले की पहिल्या वेळी पॅथॉलॉजिस्टने मग पाहिले तरी काय. माझे कामच ते असल्याने सविस्तर लिहिते.

ही बायोप्सी हर्शस्प्रंग आजाराच्या शंकेने करतात. साधारण ५००० बाळांमागे एकाला होणाऱ्या या आजारात गुदद्वारापासून वर आतड्याच्या काही भागात गँगलिऑन पेशी, म्हणजे आतड्याच्या हालचाली चालवणाऱ्या चेतापेशी, जन्मतःच नसतात. तो भाग सैल पडत नाही, शी अडते आणि पोट फुगते. निदानासाठी आम्हाला या पेशी नाहीत हे सिद्ध करावे लागते. एक पेशी ठळक दिसली की त्या जागेपुरता प्रश्न मिटतो, पण एकही दिसली नाही तर ती मुळातच नाही की आमच्या तुकड्यात आली नाही, हे ठरवणे अवघड असते.

सक्शन बायोप्सीत, म्हणजे अस्तर नळीत ओढून तुकडा घेण्याच्या पद्धतीत, निघणारा तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. (आई, तिथल्या अस्तराला वेदना जाणवत नाही, म्हणून बाळाला बहुधा भूलही द्यावी लागत नाही.) तो गुदद्वाराच्या फार जवळून घेतला तर निरोगी बाळातही पेशी विरळच सापडतात आणि उथळ घेतला तर पेशी असतात तो अस्तराखालचा थरच त्यात येत नाही. शिवाय नवजात बाळाच्या अपक्व पेशी लहान असल्याने इतर पेशींत सहज लपतात, म्हणून एकाच तुकड्याचे कितीतरी पातळ छेद ओळीने पाहावे लागतात.

पूर्वीपासून चालत आलेल्या एन्झाइमच्या रंगचाचणीला गोठवलेला ताजा तुकडा लागतो. आता पॅराफिन मेणात बसवलेल्या नेहमीच्या तुकड्यावर कॅलरेटिनिन या चेतापेशींतल्या प्रथिनाची चाचणी करता येते. निरोगी अस्तरात या चाचणीने बारीक चेतातंतू रंगतात आणि या आजारात ते सहसा दिसत नाहीत. तिचा आधार मोठा आहे, तरी अपुऱ्या तुकड्याची उणीव ती पूर्णपणे भरून काढत नाही. माझ्या मते खरी सुधारणा तुकडा घेण्याच्या कौशल्यात आणि ‘नमुना अपुरा’ असे स्पष्ट लिहिण्यात आहे, कारण आजार नसताना ‘आहे’ म्हटले तर बाळाचे चांगले आतडे कापले जाऊ शकते आणि असताना ‘नाही’ म्हटले तर आतड्याला जीवघेणी सूज येईपर्यंत आजार लपून राहू शकतो.

बाबा, मित्रांना सांगा की तुकडा किती उंचीवरून घेतला आणि त्यात अस्तराखालचा थर पुरेसा होता का, हे त्यांनी सर्जनना अवश्य विचारावे.

तुमची,
धाकटी