पिकअप बदलण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. तुझ्या लेस पॉल स्पेशल या इलेक्ट्रिक गिटारची घरघर ऐकवत नाही, म्हणून तिचे दोन्ही पी-९० पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे, एका कॉइलचे) काढून दोन कॉइलचे हंबकर बसवायचे म्हणतोस. थांब जरा. आधी तिची कुळकथा ऐक.

गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीने मिशिगनमधल्या कॅलमझूच्या कारखान्यात १९५२ साली वादक लेस पॉलच्या नावाची लेस पॉल गिटार काढली. महोगनीच्या अंगावर मेपलचा कोरून फुगवलेला माथा आणि त्यावर सोनेरी रंग. ती सगळ्यांच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून १९५४ मध्ये शिकणाऱ्यांसाठी एका पिकअपची ज्युनियर आली. १९५५ मध्ये या दोघींच्या मधोमध आली ती तुझी स्पेशल. मेपल नाही, कोरीवकाम नाही, पावणेदोन इंच जाडीची सपाट महोगनी. ज्युनियरपेक्षा एक पिकअप जास्त आणि फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटं दाबायच्या फळीच्या कडेला फिकट पट्टी. बस्स.

पण गंमत बघ, त्या वर्षी महागड्या सोनेरी लेस पॉलवरही पी-९०च होते! हंबकर तिला १९५७ साली मिळाले. म्हणजे मधल्या किमतीच्या गिटारला हलक्या प्रतीचे पिकअप कुणी दिले नव्हते. कात्री लागली ती लाकडाला आणि मजुरीला. मला तर ती साधी फळीच आवडते. बोटाखाली तार वाजते आणि तीच थरथर छातीला लागते.

चूक झाली ती पुढे. १९५९ मध्ये स्पेशलच्या अंगाला दोन्ही बाजूंनी खाच दिली. हात वरच्या फ्रेटपर्यंत मोकळा जाऊ लागला, पण नेकजवळच्या, म्हणजे गिटारच्या मानेजवळच्या पिकअपची खोबण थेट नेकच्या सांध्याला भिडली. जिथे लाकूड हवं तिथेच पोकळी! सांधा कच्चा राहिला. मग तो पिकअप ब्रिजच्या, म्हणजे तारा अंगावर टेकतात त्या पट्टीच्या दिशेने सरकवावा लागला. त्याच सुमाराला लेस पॉलचं नाव गेलं आणि ती ‘एसजी स्पेशल’ झाली. १९६१ पासून पातळ अंगाची, टोकदार शिंगांची. बॉब मार्लीच्या हातात मात्र जुन्या, एका खाचेच्या घडणीचीच स्पेशल असायची.

आता तुझी घरघरीची तक्रार. पी-९० मध्ये एकच कॉइल, त्यामुळे आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर तो ओढून घेतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने घडवलेल्या हंबकरमध्ये दोन कॉइल एकमेकींची घरघर मारतात, हे खरं. पण पी-९०चा तो खरखरीत, दाणेदार चावा त्यात येत नाही. व्हॉल्यूम दहावरून सहावर आण, जोरात छेड, मग हलक्या हाताने छेड. एकाच तारेतून दोन आवाज निघतील. हे घालवायला माझा जीव होत नाही रे.

आधी एवढं कर. ॲम्प चालू ठेव आणि गिटार घेऊन जागच्या जागी सावकाश वळ. एखाद्या कोनात घरघर निम्म्यावर येईल. मग तारांवर तळहात ठेव. घरघर कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे. काहीच फरक पडला नाही, तर ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर सुटलेली असणार. तसं असेल तर कळव, येताना सोल्डरिंग आयर्न घेऊन येतो. तोवर स्क्रूड्रायव्हर खणातच राहू दे.

तुझाच,
मित्र