वीज तोडण्याआधी हप्ते बांधून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च जवळ आला की पेपरात एक बातमी ठरलेली असते. थकबाकीदारांविरुद्ध धडक मोहीम, इतक्या ग्राहकांची वीज तोडली, इतके कोटी वसूल झाले. गेल्या मोहिमेत तोडलेल्यांत आमचं घर होतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. बिल माफ करा असं मी म्हणत नाही. वापरलेल्या विजेचे पैसे द्यायचे आहेत आणि आम्ही ते देणार आहोत. माझं म्हणणं एवढंच की जो भरायला तयार आहे त्याला वीज तोडण्याच्या आधी लेखी हप्ते बांधून मिळावेत, आणि ते हप्ते वीज कंपनीच्या कॉम्प्युटरवर दिसावेत.

आम्ही कुपवाडला राहतो. गुंठेवारीतली जागा, दोन खोल्या, वर पत्रा. मिस्टर सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल आहेत, मी बेदाणा निवडायला जाते. सासऱ्यांचं उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं, आधी माधवनगरला, मग विट्याला. कापसाची धूळ आणि बिडी या दोन्हींनी छाती धरली. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ऑक्सिजन लावावा लागेल, झोपेत तर काढायचाच नाही. सिलिंडर रोज आणणं झेपणारं नव्हतं. मिस्टरांनी भिशी उचलली आणि हवेतून ऑक्सिजन काढणारी मशीन सेकंडहँड घेतली.

त्या मशीनचा हिशोब मी पाठ करून ठेवला आहे. मशीन साडेतीनशे वॅटची. दिवसाला वीस तास चालली की सात युनिट, महिन्याला दोनशे दहा. आमच्या घरात दोन दिवे, एक पंखा, टीव्ही, मिक्सर आणि जुना फ्रिज. या सगळ्याला महिन्याला नव्वदच्या आसपास युनिट पडायची आणि बिल साडेसातशे-आठशे यायचं. मशीन आल्यावर युनिट झाली तीनशे आणि बिल आलं साडेतीन हजारांच्या घरात. वापर सव्वातीनपट, बिल साडेचारपट. कारण पहिल्या १०० युनिटला एक दर आणि १०१ पासून ३०० पर्यंत त्याच्या दुपटीहून जास्त दर. हा टप्पा जास्त वीज उधळणाऱ्यासाठी केला असेल, पण ऑक्सिजनवरचा माणूस त्याच टप्प्यात जाऊन बसतो. मग स्थिर आकार, वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. सासरे घेतात त्या श्वासावरही ते शुल्क लागतं, असं मला प्रत्येक बिल उघडताना वाटतं.

एवढ्यावर थांबत नाही. बिल वाढलं की सुरक्षा ठेव वाढते. नियम असा की ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी हवी. आमची जुनी ठेव दीड हजाराच्या आसपास होती. नव्या सरासरीने ती सात हजार हवी, म्हणून साडेपाच हजारांचं वेगळं बिल हातात आलं. महिन्याचं बिल भरताना नाकी नऊ आलेल्या घराने ही ठेव कुठून आणायची? बिल थकलं की सव्वा टक्का विलंब आकार, पुढे व्याज. आम्ही दर महिन्याला काही ना काही भरत होतो, तरी पावसाळा संपेपर्यंत थकबाकी १९,६४० वर गेली.

पावसाळा मुद्दाम सांगते, कारण आमची कमाई हंगामी आहे. हळदीचे सौदे जोरात असतात ते फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत. तेव्हा मिस्टर सकाळी जातात ते रात्री येतात, हाताला चार पैसे लागतात. श्रावण-भाद्रपदात हळदीची आवक नसल्यात जमा. मग दुसऱ्या मालाची वाट बघत बसायचं. माझं काम किलोवर, तेही कधी आहे कधी नाही. शेतकऱ्याला सोसायटीचं पीककर्ज पीक निघाल्यावर फेडायला सांगतात, ते शहाणपणाचंच आहे. हमालाच्या घराला मात्र बाराही महिने सारखेच दिवस धरतात.

कचेरीत गेल्यावर खिडकीवर सांगितलं, निम्मे भरा, मग बघू. आठशे-हजार रुपये घेऊन भरणा केंद्रात गेलं की पार्ट पेमेंट चालत नाही, साहेबांची सही आणा म्हणायचे. साहेब कधी साइटवर, कधी मीटिंगला. माझी दिवसाची मजुरी बुडायची, ती बिलातून वजा होत नव्हती. शेवटी एका साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस भला होता. त्यांनी बिलाच्या पाठीमागे पेनाने लिहिलं, ‘५ हप्ते’, खाली सही आणि तारीख. शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. पहिला चार हजारांचा हप्ता आम्ही त्याच दिवशी भरला आणि पावती बिलाला टाचून ठेवली.

पुढच्या हप्त्याच्या तारखेआधीच वायरमन दारात आले. मी त्यांना बिलाची पाठ दाखवली, पावती दाखवली. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “वहिनी, माझ्या हातात काय न्हाई. हितं सगळी थकबाकी दिसतीय, हप्ता कुठं दिसत न्हाई. साहेबांना फोन लावा.” साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांना त्या पेनाच्या अक्षरांबद्दल काही माहीत नव्हतं. वायरमन खांबावर चढले.

वीज गेली की त्या मशीनचा भोंगा वाजतो. एकच सूर, थांबत नाही. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येत असतात ते बंद होतात. सासरे बोलत नाहीत, नुसते नळीकडे बघतात आणि मग माझ्याकडे. लोडशेडिंगसाठी ठेवलेला छोटा सिलिंडर मी लावला, पण तो दोन-तीन तासांचा. शेजारच्या वहिनी एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन धावत आल्या, तर वायरमनच म्हणाले, तसं करू नका, तपासणीत सापडलं तर त्यांच्यावरही केस होईल. ते खरंच बोलले, आणि त्यांचा चेहरा पडला होता. त्यांच्यावर माझा राग नाही. यादी हातात देऊन ज्याला पाठवलं, त्याला यादीत काय नाही हे कसं कळणार?

मिस्टरांनी यार्डातल्या दुकानातून सोळा हजारांची उचल घेतली. पैसे भरले, वर पुनर्जोडणीचे वेगळे भरले, रात्री दिवे लागले. कंपनीच्या वहीत आमची वसुली झाली. पण ती उचल पुढे मिस्टरांच्या हमालीतून आठवड्याला कापली गेली. म्हणजे कर्ज तिथून उठून दुसरीकडे गेलं, आणि हंगामात ज्या पैशांत चालू बिलं भागायची ते कापण्यात गेले. आज पुन्हा ११,२०० रुपये थकले आहेत.

आमच्या गल्लीत कोर्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी मला विद्युत कायदा २००३ मधलं ५६ वं कलम वाचून दाखवलं. थकबाकीसाठी वीज तोडायची तर निदान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आमच्या कनेक्शनला सासऱ्यांचा जुना नंबर जोडलेला होता आणि ते सिमकार्ड त्यांच्या आजारपणात बंद पडलं. मेसेज आलाच असेल तर तो तिकडे गेला. घरात कागद आला नाही. काकांनी हेही सांगितलं की तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, पुढे विद्युत लोकपालाकडेही. पण आमच्या भागाचा मंच कोल्हापूरला. कायद्याने दार ठेवलं आहे हे चांगलं, पण मशीनचा भोंगा वाजत असताना त्या दारापर्यंत कोण जाणार?

आता जी गोष्ट मला सगळ्यात लागते ती लिहिते. २०२२ साली विलासराव देशमुख अभय योजना आली, २०२४ साली पुन्हा अभय योजना आली. २०२४ च्या योजनेत व्याज आणि विलंब आकार माफ होता, मूळ थकबाकीचे ३० टक्के आधी भरले की उरलेले सहा बिनव्याजी हप्त्यांत. किती चांगली अट. पण ती कोणासाठी होती? ज्यांची वीज कायमची तोडलेली आहे त्यांच्यासाठी. जो मरत-मरत का होईना दर महिन्याला काही भरतो, कनेक्शन टिकवून धरतो, त्याला त्यातलं काही नाही. त्याने आधी अंधारात जायचं, मीटर काढून नेऊ द्यायचं, आणि मग सवलतीला पात्र व्हायचं. अंधारात राहून वाट बघता येईल अशी घरं असतील, आमचं तसं नाही.

आणि चालू कनेक्शनला हप्ते देता येत नाहीत असं तर मुळीच नाही. २०२० च्या जूनमध्ये टाळेबंदीतल्या महिन्यांची बिलं एकदम आली, राज्यभर ओरड झाली, तेव्हा तीन हप्त्यांची सोय जाहीर झालीच होती. तेव्हा साहेबांच्या मर्जीवर सोडलं नाही, सगळ्यांना एकच नियम होता. तो नियम आता रोजचा का होऊ नये? खिडकीवर एक छापील अर्ज ठेवा. त्यात थकबाकी, हप्ता, तारखा, दोघांच्या सह्या. त्याची नोंद त्याच वेळी कॉम्प्युटरवर करा, म्हणजे वायरमनच्या यादीतून ते घर आपोआप गळेल. हप्ता चुकला तर यादीत परत घाला, आम्ही तक्रार करणार नाही. राष्ट्रीय लोक अदालतीत वीजबिलाची प्रकरणं ठेवतातच, तिथे चालू कनेक्शनवाल्यांनाही स्वतःहून येऊ द्या. न्यायाधीशांसमोर ठरलेल्या हप्त्याला बदलीने बाधा येत नाही.

दुसरं, ज्या घरात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर श्वासाची मशीन चालते त्या घराच्या ग्राहक क्रमांकापुढे खूण करा. त्या घराला नोटीस कागदावरच द्या, हातात द्या, आणि अधिकाऱ्याने स्वतः चौकशी केल्याशिवाय वायर सोडू नका. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, सिलिंडर भरून ठेवता येईल. मशीनची जेवढी युनिट होतात तेवढी तरी खालच्या दराने धरावीत, हे विद्युत नियामक आयोगाच्या हातातलं आहे. दर ठरवण्याआधी आयोग लोकांच्या हरकती मागवतो. कारखानदार बोलतात, यंत्रमागवाले बोलतात, शेतकरी संघटना बोलतात. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांच्या वतीने बोलायला आमच्या आमदार-खासदारांपैकी कोणीतरी उभं राहावं.

शेतीपंपाचं बिल साडेसात अश्वशक्तीपर्यंत २०२४ पासून सरकार भरतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं माहेर जत तालुक्यातलं, पाण्यासाठी रात्रीचा पंप धरून बसलेले वडील मी पाहिले आहेत. छपरावर सोलर बसवा असं मला बरेच जण सांगतात. अनुदान आहे हे खरं, पण आधी घालायला पैसे हवेत, आणि आमचा पत्रा पावसात आम्हालाच पुरत नाही.

संपादक साहेब, वसुलीच्या बातमीसोबत हप्त्यांसाठी कोणाकडे अर्ज द्यायचा, सही कोणाची लागते आणि नाकारलं तर पुढे कुठे जायचं, एवढी चौकट आपण कंपनीला विचारून छापलीत तर कुपवाड, मिरज, सांगलीतली किती तरी घरं ती कापून जवळ ठेवतील.

आमच्यापुरतं सांगते. चालू बिल दर महिन्याला भरू. ११,२०० पैकी फेब्रुवारी ते मे दरमहा दोन हजार, पावसाळ्याच्या महिन्यांत पाचशे, उरलेले दिवाळीच्या आत. हे कोणी कागदावर शिक्क्यानिशी लिहून द्यायला तयार असेल, तर पहिला हप्ता मी त्याच दिवशी घेऊन येते.

आपली,
एक वाचक, कुपवाड (ता. मिरज, जि. सांगली)
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. कृपया छापू नये.)